दुर्बिणीचा सारथी



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. इतिहासाच्या व्याख्यानात राजे यावेत, लढाया आणि तह यावेत, निदान संत आणि सुधारक तरी यावेत, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते, आणि ती वावगी नाही. मी मात्र आज एका वीतभर पेटीचा इतिहास सांगणार आहे. घरातल्या टेलिव्हिजनचा रिमोट आपण पाहतो; त्याहून ही पेटी थोडी जाड, एवढाच फरक. तिच्यावर अंकांची बटणे असतात, चार दिशांचे चार बाण असतात, आणि वरच्या बाजूस दोन ओळी मावतील एवढी लहानशी खिडकी असते. अंधाराला सरावलेले डोळे दिपू नयेत म्हणून या खिडकीतला उजेडही तांबडा ठेवतात. पेटीची वायर दुर्बिणीच्या बैठकीत गेलेली असते. हौशी खगोलप्रेमी तिला हँड कंट्रोलर म्हणतात. बटणे दाबून ‘शनी’ असे सांगितले की मोटारी घरघरतात, दुर्बिणीची नळी आपोआप वळते, थांबते, आणि नेत्रिकेला डोळा लावावा तो शनी आपल्या कड्यासह समोर हजर! अशी तीसचाळीस हजार स्थळे या पेटीला पाठ असतात.

पेटी प्रथम पाहणाऱ्या माणसाच्या तोंडून हमखास दोन उद्गार निघतात. पहिला उद्गार कौतुकाचा असतो. दुसरा असतो खेदाचा: “म्हणजे आता आकाश ओळखायची गरजच उरली नाही म्हणा!” या दुसऱ्या उद्गाराने मला पुष्कळ दिवस छळले आहे. तो खरा असेल तर आपण एक फार जुनी विद्या चार बटणांच्या मोबदल्यात विकली, असे म्हणावे लागेल. तो खरा आहे की नाही हे ठरवायचे, तर या पेटीत नेमके काय साठवले आहे आणि ते तेथे कोणी कोणी आणून ठेवले, हे पाहिले पाहिजे. म्हणून हा इतिहासाचा विषय.

फिरत्या आकाशाची अडचण

प्रथम अडचण समजून घेऊ. दुर्बिणीत आकाशाचा फार लहान तुकडा दिसतो. साधारणतः एक अंश, पुष्कळदा त्याहूनही कमी. पूर्ण चंद्राचे बिंब अर्ध्या अंशाचे, हे लक्षात घेतले म्हणजे या तुकड्याचा अंदाज येईल. एवढ्या चिंचोळ्या झरोक्यातून सगळ्या आकाशात एखादा अंधुक तेजोमेघ शोधायचा, म्हणजे पोथीच्या छिद्रातून गावातले एक घर शोधण्यासारखे आहे. बरे, शोधून सापडला तरी तो जागेवर थांबत नाही. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे चार मिनिटांत एक अंश. स्थिर ठेवलेल्या दुर्बिणीतून तारा पाहता पाहता निघून जातो. तेव्हा कामे दोन: शोधणे आणि धरून ठेवणे. दुर्बिणीच्या चारशे वर्षांच्या इतिहासाचा मोठा भाग या दोन कामांनी व्यापलेला आहे, आणि आपली पेटी नेमकी हीच दोन कामे करते.

यांपैकी शोधण्याचे काम दुर्बिणीहून कितीतरी जुने आहे. एखादे घर शोधायचे तर पत्ता हवा, आणि ताऱ्यांना पत्ते देण्याचा उद्योग माणसाने दोन हजार वर्षांपूर्वीच आरंभिला होता. ग्रीक ज्योतिषी हिपार्कस याने ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात ताऱ्यांची यादी केली. पुढे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात टॉलेमीने आपल्या ग्रंथात हजारावर तारे त्यांच्या स्थानांसह नोंदले. आपल्याकडे सूर्यसिद्धान्तात नक्षत्रांच्या योगताऱ्यांचे ध्रुवक आणि विक्षेप दिलेले आहेत. ध्रुवक आणि विक्षेप म्हणजे तरी काय? ताऱ्याचा पत्ताच तो, दोन अंकांत सांगितलेला. आज त्या अंकांच्या जोडीस विषुवांश आणि क्रांती म्हणतात. मोजण्याची रेषा बदलली आहे, कल्पना तीच आहे. हँड कंट्रोलरच्या पोटात जी यादी असते ती या अंकांच्या जोड्यांचीच असते.

पण आकाशाचे पत्ते कायमचे नसतात. हिपार्कसने आपली निरीक्षणे आधीच्या लोकांच्या निरीक्षणांशी ताडून पाहिली आणि सगळे तारे एका दिशेने सरकलेले त्याला आढळले. वास्तविक सरकतो तो संपातबिंदू, वर्षाला सुमारे ५० विकला, म्हणजे ७२ वर्षांत एक अंश. आपण यास संपातचलन म्हणतो, आणि पंचांगातला अयनांश हा शब्द त्याच्याच हिशेबाचा आहे. वसंत ऋतूत भरणाऱ्या या ज्ञानसत्रात वसंतसंपाताची आठवण निघावी हे उचितच झाले. लोकमान्य टिळकांनी १८९३ साली ‘ओरायन’ प्रसिद्ध केला तो याच गतीच्या आधारावर. वसंतसंपात मृगशीर्षात असल्याच्या खुणा त्यांनी वेदवाङ्मयात शोधल्या आणि मागे मोजत त्या काळाचे अनुमान बांधले. त्यांच्या निष्कर्षाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. परंतु आकाश हे घड्याळ म्हणून वापरता येते, ही त्यामागची दृष्टी प्रत्येक मराठी वाचकाच्या परिचयाची आहे. ज्या गणिताने लोकमान्य काही सहस्रके मागे गेले, तेच गणित ही पेटी रोज रात्री करते. तिच्यातले पत्ते सामान्यतः सन २००० च्या आरंभाचे असतात. तेव्हापासून पंचवीस वर्षांत संपात सुमारे २१ कला सरकला, म्हणजे चंद्रबिंबाच्या अर्ध्याहून अधिक. ही दुरुस्ती केली नाही तर दुर्बीण शेजारच्या घराचे दार ठोठावील.

स्लाउच्या अंगणातली बहीण

आता दुर्बिणीकडे येऊ. गॅलिलिओने १६०९ साली दुर्बीण आकाशाकडे वळवली, आणि १६१० च्या जानेवारीत त्याला गुरूचे चंद्र दिसले. गुरू शोधायला यादीची गरज नव्हती; तो नुसत्या डोळ्यांना दिसतो. अडचण आली ती जे डोळ्यांना दिसत नाही ते शोधण्याची वेळ आली तेव्हा.

विल्यम हर्शेल हे नाव आपण ऐकलेले आहे. १७८१ च्या १३ मार्चला इंग्लंडातल्या बाथ या गावी त्याने युरेनसचा शोध लावला. त्यानंतर त्याने वीस फुटी दुर्बीण घेऊन सबंध आकाश पट्ट्यापट्ट्यांनी झाडून काढण्याचा संकल्प केला, आणि पुढल्या वीस वर्षांत सुमारे अडीच हजार तेजोमेघ आणि तारकागुच्छ नोंदले. आधी डॅचेट आणि मग स्लाउ येथल्या अंगणात हे काम चाले, आणि ते एकट्याचे नव्हते. हर्शेल उंच मचाणावर नेत्रिकेपाशी उभा असे. खाली एक मजूर दोर आणि रहाट यांच्या साह्याने नळी वरखाली करी. आणि त्याची बहीण कॅरोलीन आत दिव्यापाशी, घड्याळ, ताऱ्यांची यादी आणि वही घेऊन बसे. भाऊ वरून ओरडून सांगे, बहीण वेळ आणि स्थान टिपून घेई. दुर्बीण या क्षणी आकाशात नेमकी कोठे आहे, हे त्या अंगणात खरोखर ठाऊक असे ते कॅरोलीनला.

श्रोतेहो, आपल्या पेटीची खरी पूर्वज ही बाई आहे. यादी, घड्याळ, आणि दुर्बीण कोठे वळली आहे याची नोंद, या तीन वस्तू कॅरोलीनच्या टेबलावर होत्या. त्याच तीन वस्तू आज पेटीच्या पोटात आहेत. पण एक भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे. कॅरोलीन जी यादी वापरीत होती ती फ्लॅमस्टीडची. वापरता वापरता तिला तीत चुका आढळल्या. तिने फ्लॅमस्टीडची मूळ निरीक्षणे तपासली, यादीतून सुटलेले पाचशेहून अधिक तारे शोधून काढले, आणि ते काम १७९८ साली प्रसिद्ध झाले. समोर ठेवलेल्या यादीवर संशय घेण्याची बुद्धी तिला होती. राजाकडून तिला वर्षाला ५० पौंड वेतन मिळे. पेटीला वेतन द्यावे लागत नाही हे खरे, पण तिला संशयही येत नाही.

हर्शेल घराण्याच्या याद्यांवर पुढे जॉन ड्रायर याने भर घातली आणि १८८८ साली ७,८४० वस्तूंची नवी सर्वसाधारण यादी सिद्ध केली. आजच्या कोणत्याही हँड कंट्रोलरवर ‘एन.जी.सी.’ हे बटण किंवा सदर असते ते या यादीचे. शेजारी ‘एम’ असते ते फ्रान्सच्या शार्ल मेसिएचे. त्याच्या १७८१ च्या यादीत १०३ वस्तू होत्या, आज त्या ११० मानतात. मेसिए होता धूमकेतूंचा शिकारी. धूमकेतू समजून फसगत होऊ नये म्हणून टाळायच्या वस्तूंची ही यादी त्याने केली. आज जगभरचे हौशी लोक नेमक्या त्याच वस्तू पाहण्यासाठी रात्री जागवतात! अंगठ्याने एक बटण दाबताना आपण इतक्या लोकांच्या जागरणावर बोट ठेवीत असतो.

घड्याळ आणि चकती

शोधण्याचे काम याद्यांनी सोपे केले. धरून ठेवण्याचे काम सोडवले ते जर्मन भिंगकार योझेफ फ्राउनहोफर याने. रशियन साम्राज्यातल्या डोर्पाट येथील वेधशाळेसाठी, म्हणजे आजच्या एस्टोनियातल्या तार्तू येथे, त्याने १८२४ साली सुमारे २४ सेंटिमीटर व्यासाच्या भिंगाची दुर्बीण दिली. तिची खुबी बैठकीत होती. बैठकीचा एक आस ध्रुवाच्या रोखाने तिरका बसवलेला होता, आणि वजनांवर चालणारे घड्याळ त्या आसाभोवती दुर्बिणीला आकाशाच्या गतीने फिरवीत असे. एका आसावर एकसारखी गती दिली की तारा नजरेत खिळून राही. ही गती आपल्या घरातल्या घड्याळाची नव्हे. तारा पुन्हा त्याच जागी येतो तो २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांनी. आपल्या ज्योतिषात सावन दिन आणि नाक्षत्र दिन असा जो भेद केला आहे तो हाच. या दुर्बिणीवर विल्हेल्म स्ट्रूव्हे याने काम केले आणि १८२७ साली ३,११२ जोडताऱ्यांची यादी प्रसिद्ध केली.

या बैठकीच्या दोन्ही आसांवर अंश कोरलेल्या चकत्या असत. यादीतून विषुवांश आणि क्रांती पाहायची, नाक्षत्र घड्याळ पाहायचे, चकत्या त्या अंकांवर आणायच्या, की तारा सापडे. आपल्या पुण्यातही १८८८ साली सायन्स कॉलेजात महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली, भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून. कावसजी दादाभाई नेगमवाला हे तिचे प्रमुख, आणि डब्लिनच्या ग्रब यांनी केलेली २० इंची परावर्तक दुर्बीण तिचे भूषण. हिंदुस्थानात त्या वेळी तिच्याहून मोठी दुर्बीण नव्हती. १९१२ साली नेगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाइकॅनॉलला गेली. त्या काळी अशी साधने संस्थानिक आणि सरकार यांनाच परवडत. गृहस्थाश्रमी माणसाने काय करावे?

त्याने स्वतःच्या हाताने आरसा घासावा, असे उत्तर अमेरिकेत मिळाले. व्हरमाँटमधल्या स्प्रिंगफील्ड गावी रसेल पोर्टर याने कारखान्यातल्या कामगारांना आरसे घासायला शिकवले. अल्बर्ट इंगॉल्स याने १९२५ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांच्यावर लेख लिहिला, आणि हा छंद देशभर पसरला. आपल्याकडे १९४४ साली पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली आणि सामान्य माणसाला दुर्बिणीतून आकाश पाहण्याची सोय झाली. आणखी एका विलक्षण माणसाचे नाव येथे घेतले पाहिजे. जॉन डॉब्सन हा १९१५ साली पेकिंगमध्ये जन्मला, रसायनशास्त्र शिकला, आणि १९४४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीच्या मठात संन्यासी म्हणून दाखल झाला. मठात राहून तो टाकाऊ काचेचे आरसे आणि पुठ्ठ्याच्या नळ्या यांच्या दुर्बिणी करी आणि रस्त्यावरच्या माणसांना चंद्र दाखवी. या नादापायी त्याला १९६७ साली मठ सोडावा लागला. पुढच्याच वर्षी त्याच्या भोवती रस्त्यावर आकाश दाखवणाऱ्यांची मंडळी जमली. त्याची बैठक तोफेच्या गाड्यासारखी, लाकडाची. नळी वरखाली होई आणि डावीउजवीकडे फिरे, एवढेच. घड्याळ नाही, चकती नाही. तारा निसटला की हाताने नळी ढकलायची.

मग अंधुक वस्तू शोधायची कशी? ताऱ्यांवरून पावले टाकीत. देवयानी दीर्घिका पाहायची तर भाद्रपदांच्या मोठ्या चौकोनाच्या ईशान्य कोपऱ्यावरचा तारा घ्यायचा, तेथून दोन तारे पुढे जायचे, मग काटकोनात वळून दोन बारीक तारे ओलांडायचे, की धुक्याचा लांबट ठिपका दिसतो. पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला तो प्रकाश. ज्याने हा रस्ता एकदा चालून पाहिला तो सहसा विसरत नाही. पेटीमुळे ही विद्या बुडेल, असे जे म्हणतात ते या विद्येविषयी म्हणतात.

पेटीचा जन्म

संगणक प्रथम आला तो मोठ्या वेधशाळांत. ऑस्ट्रेलियातली ३.९ मीटरची अँग्लो-ऑस्ट्रेलियन दुर्बीण १९७४ साली सुरू झाली. बैठकीच्या लोखंडाला किती बाक येतो, दंतचक्रे कोठे चुकतात, याचा हिशेब संगणकावर ठेवून ती थोड्या विकलांच्या अचूकतेने नेम धरू लागली. कॉकेशस पर्वतातल्या सोव्हिएत दुर्बिणीने आणखी धाडस केले. सहा मीटरचा अवजड आरसा तिरक्या आसावर पेलणे कठीण, म्हणून १९७५ च्या सुमारास तिला तोफेच्या गाड्यासारखी सरळ बैठकच दिली. या बैठकीत आकाशामागे धावायचे तर दोन्ही आसांना सतत बदलणारी वेगवेगळी गती द्यावी लागते. तारा थेट डोक्यावर आला की आडवी गती तर बेसुमार वाढते. घड्याळाला हे साधणारे नव्हते. ते संगणकाला साधले.

तोवर संगणकाचा मेंदू नखाएवढ्या चकतीवर मावू लागला होता. १९८० नंतरच्या दशकात सेलेस्ट्रॉन कंपनीने ‘कॉम्प्युस्टार’ नावाची स्वतः वळणारी दुर्बीण हौशी लोकांसाठी विकायला आणली, पण तिची किंमत सामान्यांच्या आवाक्यातली नव्हती. १९८९ साली जपानच्या तोशिमी ताकी याने ‘स्काय अँड टेलिस्कोप’ मासिकात असे गणित मांडले की बैठक सपाट नसली, ध्रुवाकडे रोखलेली नसली तरी दोन ताऱ्यांच्या साह्याने तिचा आकाशाशी संबंध जोडता यावा. १९९२ साली मीड कंपनीची ‘एलएक्स २००’ आली आणि हातात धरायची बटणांची पेटी हौशी जगात रूढ झाली. १९९९ साली त्याच कंपनीने लहानशा ‘ईटीएक्स’ दुर्बिणीला ‘ऑटोस्टार’ नावाची पेटी जोडली, आणि त्याच सुमारास सेलेस्ट्रॉनची ‘नेक्सस्टार’ मालिका निघाली. जे वैभव १९७४ साली राष्ट्रांच्या वेधशाळांत होते ते पंचवीस वर्षांत मध्यमवर्गीय माणसाच्या गच्चीवर आले.

आता पेटी काम कसे करते ते सांगतो. ती सुरू केली की काही प्रश्न विचारते. आपण कोठे आहात? आज तारीख कोणती? घड्याळात किती वाजले, आणि ते घड्याळ कोणत्या देशाच्या वेळेचे? हा शेवटचा प्रश्न क्षुल्लक नव्हे. पुण्याचे रेखांश सुमारे ७३ अंश ५१ कला, आणि भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंशांची; म्हणजे पुण्याची खरी स्थानिक वेळ घड्याळाच्या सुमारे ३५ मिनिटे मागे. मुंबईने तर १९५५ पर्यंत स्वतःची ‘मुंबई टाइम’ चालवली, ती ३९ मिनिटे मागे. परदेशात उन्हाळ्यात घड्याळे तासभर पुढे करतात. ते पेटीला सांगायचे राहिले तर दुर्बीण १५ अंशांनी चुकते, म्हणजे चंद्राची तीस बिंबे ओळीने मांडावीत इतकी.

एवढे सांगूनही पेटी आंधळीच असते. तिला डोळा नाही. नळी कोणत्या दिशेला आहे हे तिला ठाऊक नसते. मोटारी किती फिरल्या, तेवढेच मोजता येते. म्हणून ती म्हणते, अमुक तारा नेत्रिकेच्या मध्यावर आणा. आपण बाणांच्या बटणांनी तो आणतो. मग ती दुसरा मागते. दोन का? एका खिळ्यावर टांगलेली तसबीर गोल फिरू शकते, दुसरा खिळा ठोकला की ती पक्की होते. तसेच हे आहे. दोन तारे पटले की सगळे आकाश तिच्या हिशेबात जागच्या जागी बसते. त्या दोन ताऱ्यांतले अंतर तिला पाठ असते. मोजलेले अंतर जुळले नाही तर ती तक्रार करते. पण थोड्या फरकाची चूक तिच्या नजरेतून सुटू शकते, आणि आपण तारा कोणता म्हणून दाखवला यावर तिला विश्वास ठेवावाच लागतो. पुनर्वसूचे दोन ठळक तारे साडेचार अंशांवर शेजारी आहेत. एकाऐवजी दुसरा दाखवला, तर रात्रभर तिचा नेम चुकत राहण्याचा संभव आहे.

एका रात्रीची गोष्ट

येथे स्वतःची एक फजिती सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. २०२३ सालच्या डिसेंबरची ८ तारीख. एका शाळेच्या पटांगणावर मुलांना शनी दाखवायला मी दुर्बीण घेऊन गेलो होतो. संध्याकाळचे सात वाजलेले, शेदीडशे मुले रांगेत, आणि शनी दक्षिणेकडून किंचित पश्चिमेला कललेला, उघड्या डोळ्यांना स्पष्ट. मी ऐटीत पेटी हातात घेतली, तारीख-वेळ भरली. पेटी म्हणाली, स्वाती दाखवा. मोटारी घरघरल्या, नळी वळली. नेत्रिकेत काहीच नाही. मी बाण दाबीत राहिलो. मागे मुलांची चुळबूळ सुरू झाली. जवळपास एखादा ठळक तारा मिळाला असता तर घाईत मी त्यालाच स्वाती म्हणून मोकळा झालो असतो, हे कबूल करतो.

तेवढ्यात रांगेतली एक मुलगी, आठवीतली असावी, म्हणाली, “सर, स्वाती आत्ता कुठे असणार? ती तर उन्हाळ्यात दिसते संध्याकाळी. आजोबा दाखवतात मला.”

मी खिडकीतला अंक पुन्हा पाहिला. पेटी अमेरिकन रिवाजाची. ती आधी महिना विचारते, मग दिवस. मी आपल्या सवयीने ८-१२ भरले होते. तिने ते १२ ऑगस्ट वाचले होते, आणि १२ ऑगस्टच्या आकाशात ती बिचारी अगदी बिनचूक काम करीत होती! १२ ऑगस्टला संध्याकाळी स्वाती खरोखरच पश्चिमेला उंच असते. तारीख सुधारली, श्रवण आणि रोहिणी दाखवले, आणि पुढल्या मिनिटाला शनी नेत्रिकेत आला. मग दीड तास दुर्बिणीने त्याला सोडले नाही. घड्याळाविना, चकतीविना दर मिनिटाला नळी ढकलीत मी इतक्या मुलांना शनी दाखवू शकलो नसतो, हेही तितकेच खरे.

जमाखर्च

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. पेटीने काय नेले आणि काय दिले?

रस्ता नेला, हे मान्य केले पाहिजे. ज्याने देवयानीपर्यंत पावले टाकली नाहीत आणि बटण दाबून तेथे पोहोचला, त्याला ती दिसते, पण ती आकाशात कोठे आहे हे त्याला सांगता येत नाही. मी असे लोक पाहिले आहेत. बॅटरी संपली की त्यांचे आकाशही संपते. ही हानी लहान नाही.

पण दुसऱ्या बाजूस शहराचे आकाश पाहा. रस्त्यांवरच्या दिव्यांनी ते इतके धुरकटले आहे की पावले टाकायला लागणारे बारीक तारेच उरलेले नाहीत. पायऱ्या नाहीशा झालेल्या विहिरीत उतरायचे कसे? तेथे पेटी हा दोर आहे. गुडघे धरलेला वृद्ध मनुष्य वाकून वाकून तारे शोधू शकत नाही. त्याला पेटी बसल्या जागी तारकागुच्छ आणून देते. आणि शाळेच्या पटांगणावरची रांग तर आपण आत्ताच पाहिली. डॉब्सनला रस्त्यावरच्या माणसाला आकाश दाखवायचे होते. त्याच्या बैठकीत पेटीला जागा नव्हती, पण त्याचा हेतू पेटी पुरवते. आज त्याच्या नावाच्या लाकडी बैठकींनासुद्धा मोटारी आणि पेट्या लावून मिळतात.

पेटीचे प्रश्नही हळूहळू कमी होत आहेत. २००० सालच्या मे महिन्यात अमेरिकन सरकारने उपग्रहांचे स्थानसंकेत मुद्दाम बिघडवून देणे थांबवले, आणि त्या संकेतांवरून दुर्बीण स्वतःच स्थळ आणि वेळ जाणू लागली. २००५ साली अशी पद्धत आली की कोणत्याही तीन ठळक ज्योती दाखवा, नावे सांगू नका. त्यांच्यातल्या अंतरांवरून पेटी नावे ओळखते. २०२३ साली बाजारात आलेल्या ‘सीस्टार’सारख्या दुर्बिणीला तर पेटी नाही आणि नेत्रिकाही नाही. ती स्वतः आकाशाचे छायाचित्र घेते, यादीशी ताडून पाहते आणि खिशातल्या फोनवर चित्र पाठवते. तिला डोळा आला. हँड कंट्रोलरचे राज्य अशा रीतीने तीसपस्तीस वर्षांतच ओसरू लागले आहे, आणि म्हणून त्याचा इतिहास सांगण्याची वेळ आली आहे.

तरीही मला वाटते, मधल्या काळातली ही पेटी आपल्याला एक गोष्ट शिकवून जाते. हिपार्कसपासून कॅरोलीनपर्यंत आणि ड्रायरपासून ताकीपर्यंत अनेकांची विद्या तिच्यात भरलेली असूनही ती काम सुरू करण्याआधी माणसाला विचारते: तू कोठे आहेस, आज दिवस कोणता, आणि दोन तारे मला ओळखून दाखव. महाभारतात सारथी रथ हाकतो, पण रथ कोठे न्यायचा हे रथी सांगतो. सारथी कितीही निष्णात असो, रथीला दिशाच ठाऊक नसेल तर रथ भलत्या रणात उभा राहील. माझा रथ त्या संध्याकाळी चार महिने मागच्या आकाशात उभा होता, आणि तो परत आणला तो एका मुलीने, आजोबांनी दाखवलेल्या एका ताऱ्याच्या आधारावर.

तेव्हा दुर्बीण विकत घेणाऱ्यांना मी एवढेच सुचवीन की पेटी अवश्य घ्यावी, तिची लाज बाळगू नये. मात्र ती घरी आणण्याआधी एक वर्षभर, दर महिन्याच्या एका संध्याकाळी, गच्चीवर जाऊन दोन तारे ओळखायला शिकावे. वर्षाचे चोवीस तारे होतात. तेवढे तारे पाठ असले की पेटी चुकली तर आपल्याला कळेल, आणि पेटी नसली तरी आकाश आपले राहील. ज्यांच्या घरी आजोबा आहेत त्यांचे काम आणखी सोपे आहे. आणि जे स्वतःच आजोबा आहेत त्यांनी आज रात्रीच, आकाश निरभ्र असल्यास, नातवंडांना अंगणात घेऊन जावे. या दिवसांत संध्याकाळी स्वाती पूर्वेकडे वर आलेली असते.